वावर काळं, तरी आठ दिवसांत पीक माना का टाकतं? डोंगरउतारावरच्या उथळ चिकण जमिनीचं निदान

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे हे दुखणं तुमच्या वावराचं आहे की नाही ते लगेच कळेल.

जून-जुलैत पीक झकास असतं. काळंभोर रान, त्यावर हिरवीगार कपाशी, येणारा-जाणारा थांबून बघतो. मग श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या आसपास, पाऊस उघडतो. आठव्या दिवशी दुपारी कपाशी माना टाकते, संध्याकाळी सावरते. बाराव्या दिवशी संध्याकाळीही सावरत नाही. तुमच्या बांधापासून जेमतेम दोनशे पावलांवर, खाली नाल्याकाठी, शेजाऱ्याची त्याच वाणाची, त्याच दिवशी लावलेली कपाशी मात्र जशीच्या तशी उभी. पुढे भादव्यात तीन दिवस झड लागते आणि तेच वावर आता उलटं वागतं. मधल्या पट्ट्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, पानं पिवळी पडतात, वखर चालत नाही. हिवाळ्यात भेगा. उन्हाळ्यात दगड वर आलेले. आणि बांध? तो दरवर्षी त्याच जागी फुटतो.

हे सगळं जुळत असेल तर पुढे वाचा. नुसतं पिवळं पडत असेल किंवा नुसतं सुकत असेल, तर कारण दुसरं असू शकतं.

आमचं वावर गाळणा डोंगररांगेच्या पायथ्याशी, धुळे जिल्ह्याच्या अंगाला. खाली पांझरेकाठी शेकडो वर्षांची फड बागायत (बंधाऱ्याचं पाणी पाटाने वाटून घेणारी) आणि वर आमच्यासारखी कोरडवाहू. मी या दुखण्यावर सहा वर्षं औषध केलं आणि सहाही वर्षं चुकीचं केलं. आधी वाण बदललं. मग खताची एक गोणी वाढवली. मग दुकानदाराने दिलेल्या बाटल्या फवारल्या. मग कर्ज काढून बोअर घेतला, तो पहिल्याच मार्चमध्ये गुरगुरायला लागला. शेवटी शेजारच्या आबांनी, ज्यांचं सगळं आयुष्य याच उतारावर गेलं, एका वाक्यात निदान सांगितलं: "माटी कायी शे, पन तिले पोट नही." म्हणजे माती काळी आहे, पण तिला पोट नाही.

पुढे जे लिहितोय तो या एका वाक्याचाच विस्तार आहे.

आपण रंग बघून फसतो. काळी म्हणजे भारी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. तापीकाठच्या चोपडा, शिरपूर, रावेर पट्ट्यातली काळी जमीन पाच-दहा फूट खोल जाते, तिच्याबद्दल ते खरंही आहे. पण उतारावरची काळी माती जातीने तीच असली तरी जाडीने वीतभर. खाली लगेच मुरूम, त्याखाली कातळ. म्हणजे ओढ्याकाठची माती मोठा रांजण आणि आपली माती त्याच मातीची वाटी. मडकं कोणत्या मातीचं, यापेक्षा ते किती मोठं याला इथे जास्त महत्त्व.

आता हिशेब करू. हा हिशेब मी कुणाला सांगितला की तो गप्प होतो, म्हणून सविस्तर मांडतो.

चिकणमातीच्या एक सेंटिमीटर थरात पिकाला घेता येईल असं साधारण दीड मिलिमीटर पाणी मावतं. माती त्याहून बरंच जास्त पाणी धरते, पण त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग इतका घट्ट पकडून ठेवते की मुळांना तो ओढता येत नाही. म्हणूनच कधी कधी ढेकूळ हातात घेतलं तर ओलसर लागतं आणि झाड मात्र सुकलेलं दिसतं. आमच्या वावराची खोली मधल्या भागात २२ सेंटिमीटर भरली. दीडने गुणलं, ३३ मिलिमीटर. पण त्या थरात एक तृतीयांश तर दगड-खडे, त्यात पाणी मावत नाही. उरलं २२ मिलिमीटर. ऑगस्टमध्ये ऊन पडलं की वाढलेलं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी पितं. बावीस भागिले साडेचार केलं की जेमतेम पाच दिवस. मुरमाच्या फटीत शिरलेली मुळं अजून दोन-तीन दिवस ओढून नेतात. झाले आठ. आठव्या दिवशी मान खाली.

शेजाऱ्याचं वावर मीटरभर खोल. तिथे दगड नाहीतच. १५० मिलिमीटर, म्हणजे महिनाभराची बेगमी. त्याचं वाण चांगलं आणि आपलं वाईट, असं काही नाही.

यात अजून एक फसवणूक आहे, ती हलक्या सरींची. दहा मिलिमीटरची सर आली की आपण खूश. पण वाळलेल्या चिकणमातीला पहिला घोट मोठा लागतो. तेवढ्या पाण्यात वरचा चारेक सेंटिमीटरचा थर भिजतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते पाणी उडून जातं. मुळांपर्यंत काहीच पोचत नाही. तेवढीच सर मुरमाड-वाळूसर रानात पडली तर खोलवर जाते. म्हणून पावसाच्या खंडात शेजारच्या बरडावरची मटकी तग धरून असते आणि आपली 'भारी' काळी आधी हात टेकते. हे डोळ्यांनी पाहूनही मला कित्येक वर्षं त्याचा अर्थ लागला नव्हता.

मुळात अशी माती उतारावर आली कुठून, तेही बघायला हवं, कारण उपाय त्यातूनच निघतात. आपला सगळा डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर बसलेला. त्या काळ्या खडकात चुना, मॅग्नेशियम, लोह भरपूर. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, पावसाने यातलं बरंचसं धुऊन नेलं आणि तांबडा जांभा उरला. आपल्याकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, शिवाय सह्याद्रीच्या आडोशाचा. खडक कुजला, पण त्यातला चुना आणि सिलिका तिथेच राहिले आणि त्यातून ती फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार झाली. खडक तोच, पण पाणी कमी म्हणून माती काळी. सपाटीवर ती साठत गेली. उतारावर मात्र जेवढी तयार होते तेवढी दर पावसाळ्यात खाली वाहून जाते, म्हणून ती कधी जाड होतच नाही. शेजाऱ्याच्या मीटरभर मातीत आपल्या आजा-पणजांच्या वावराची माती आहे, हे चेष्टेत म्हणतो, पण खोटं नाही.

आमच्याकडे म्हणतात, या वावरात दगड उगवतात. त्याचंही कारण हेच. बारीक माती वाहून जाते आणि दगड मागे राहतात. शिवाय माती दर मोसमात फुगते-आकसते, त्या हालचालीत खालचे खडे वर ढकलले जातात.

आता तपासणी. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबून राहू नका. ती वाईट म्हणून नव्हे, तिचं काम वेगळं म्हणून. २०१५ पासून मिळणाऱ्या त्या पत्रिकेत १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह वगैरे. खोली त्यात नाही, दगडांचं प्रमाणही नाही. उलट प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून खडे बाजूला काढतात आणि मग तपासतात. म्हणजे आपल्या वावराचा जो मुख्य आजार, तो चाळणीवरच राहून जातो. माझी पत्रिका उत्तम होती. सगळं 'मध्यम' आणि 'भरपूर'.

सगळ्यात सोपी तपासणी एप्रिलमध्ये, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास. वावराला भेगा पडलेल्या असतात. सायकलचा जुना आरा किंवा सरळ केलेली तार घ्या आणि भेगेत सोडा. जिथे टेकली तिथे बोटाने खूण करा, मोजा. दहा-पंधरा ठिकाणी मोजलं की अर्ध्या तासात वावराचा नकाशा तयार. भेग मुरमापाशी थांबते, म्हणून हे माप बऱ्यापैकी खरं निघतं. जिथे भेगच नाही, नुसता भुरभुरा थर आहे, तिथे माती चिकण नाही किंवा इतकी कमी आहे की मोजण्यात अर्थ नाही.

मग तीन खड्डे घ्या: एक वर, एक मध्ये, एक खाली. टिकाव-पहार घेऊन कातळ लागेपर्यंत. पहार काय बोलते ते ऐका. धप्प आवाज आला आणि टोक रुतलं तर मऊ मुरूम. खरखर करत आत गेली तर कुजका, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, ज्याच्या भोकांत पांढरे चमकणारे खडे भरलेले असतात. खणकन वाजून हात झिणझिणला तर काळा पाषाण. आणि लालसर-विटकरी, साबणासारखा मऊ थर लागला तर तो गेरू, दोन लाव्हा थरांच्या मधला. त्यावर बोट ठेवून लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

नुसत्या खोलीवर थांबू नका. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. तासाभरात जिरलं तर तळ पाणी पितो. म्हणजे खालचा मुरूम हा तुमचा लपलेला साठा आहे, झाडांची मुळं तिथे जाऊ शकतात. सकाळपर्यंत उभं राहिलं तर तळ बंद. मग भादव्यातला चिखल कुठून येतो ते वेगळं शोधायला नको. पाणी वरून आत शिरतं, कातळावर अडतं आणि मुळं त्यात उभी राहतात. दुष्काळ आणि दलदल, दोन्हींचं मूळ एकच. वाटी लहान, म्हणून लवकर रिकामी होते आणि लवकर भरून सांडतेही.

एक तपासणी गैरसमज घालवण्यासाठी. पिवळं पडलं की कुणीतरी सांगतं, जमीन चोपण झाली (सोडियम क्षाराने बिघडली), जिप्सम टाका. आधी एक वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात सोडा, हलवू नका. ते फुटून खाली बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर चोपण नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग तयार झाला आणि दोन तासांनीही तसाच राहिला, तरच जिप्समचा विचार. उतारावर हा ढग फारसा दिसत नाही, कारण पाणी थांबत नसल्याने क्षार साठत नाहीत. मी मात्र दोन ट्रॉली जिप्सम टाकून बसलो होतो. असो.

चुनखडीही बघून घ्या. मातीवर संडास धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. फसफसलं तर चुना आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फसफसतंच. अशा रानात सामू आठच्या आसपास असतो आणि लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. त्याची खूण वेगळी: नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. त्यासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड), ही फवारणी पुरते. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर ते नत्राचं काम, आणि झडीनंतर सगळंच पिवळं झालं तर मुळांना हवा नाही. तिन्हींना एकच बाटली मारणं म्हणजे पैसे पाण्यात, तेही साचलेल्या.

इथपर्यंत निदान झालं. आता उपाय, आणि इथे मी सगळ्यांना सारखंच सांगणार नाही, कारण तिन्ही खड्डे सारखे निघत नाहीत.

आपला डोंगर पायऱ्यांचा आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर कुजून सपाट पायरी होते. एकाच वावरात वरच्या टोकाला कातळ, मध्ये वीतभर चिकण, खाली हातभर माती असं असतं. आपण मात्र वरपासून खालपर्यंत एकच कपाशी लावतो. माझा पहिला बदल हाच होता: वावराचे तीन तुकडे मानले. ज्या तुकड्यात माती ४५ सेंटिमीटरच्या वर आहे तिथेच कपाशी. मधल्या उथळ तुकड्यात जे पीक खंडाआधी किंवा खंड झेलून निघेल ते: साठ-पासष्ट दिवसांचा मूग, ऐंशी दिवसांच्या आतली बाजरी, मटकी, कुळीथ, तीळ. कपाशी साडेपाच-सहा महिने जमिनीत उभी राहते. वीतभर मातीत तिला ऑक्टोबर-नोव्हेंबरचं बोंड भरायला सांगणं म्हणजे पोराला उपाशी ठेवून कुस्तीत उतरवणं. कपाशीच्या भावाचं गणित मलाही कळतं. पण एकरी दोन क्विंटल कपाशी आणि त्यावरचा फवारणीचा खर्च, यापेक्षा खर्च न करता निघालेली मटकी परवडते. निदान मला परवडली.

वरच्या टोकाला, जिथे वीतभरही नाही, तिथे नांगर घालायचा बंदच केला. तिथे काय लावायचं ते रानालाच विचारा. आपल्या टेकड्यांवर सालई आणि अंजन कुठे उभे आहेत बघा. धुळे-जळगावकडचा अंजन कातळाच्या फटीत मूळ घालून उभा राहतो. त्याला मातीपेक्षा फट लागते. पळस मात्र जड, पाणी साचणाऱ्या जागी दाटी करतो. पळसाच्या पट्ट्यात पाणी थांबतं, हे जवळजवळ लिहून घ्या. फळझाडात बोर, सीताफळ, आवळा. खड्डा घ्यायचा तर साठ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, आणि तळातला मुरूम पहारेने फोडून फटी मोकळ्या करायच्या. तळ न फोडता खड्ड्यात शेणखत भरलं तर ते कुंडीत झाड लावल्यासारखं होतं. दोन वर्षं छान, तिसऱ्या वर्षी थांबतं.

गवताबद्दल एक गोष्ट. कुसळी फोफावली असेल तर ते रान चरून-चरून थकलंय. चराई बंद केली की दोन-तीन पावसाळ्यांत मारवेल, पवन्या परत येतात आणि माती धरतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उघडे डोंगर असेच राखले, समतल चर खोदले आणि जंगल परत उभं केलं. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथे पाऊस आमच्यापेक्षा जास्त, म्हणून जसंच्या तसं उतरत नाही. पण क्रम तोच: आधी चराई, मग पाणी, मग बाकी सगळं.

आता मधला तुकडा. पेरणी, वखरणी, सगळं उताराला आडवं. हे प्रत्येक पुस्तकात असतं आणि प्रत्येक वावरात उलटं दिसतं, कारण ट्रॅक्टरवाल्याला उभं जाणं सोपं पडतं, फेरे कमी लागतात. मी आता भाडं ठरवतानाच सांगतो: आडवं चालवणार असशील तर ये. आणि खोल नांगरट नाही. वीतभर मातीत फाळ फूटभर घातला की खालचा मुरूम वर येतो, माती त्यात हरवते, दगडांचं प्रमाण वाढतं, म्हणजे वाटी आणखी लहान. ओल्यात तर अजिबात नाही. ओल्या चिकणमातीवर फाळ फिरला की खालचा थर लिंपल्यासारखा बंद होतो.

दगड वेचण्याबद्दल माझं मत गावात कुणाला पटत नाही. डोक्याएवढे आणि औताला अडणारे दगड काढा, बांधाला लावा. पण मुठीएवढे आणि त्याहून लहान वेचू नका. ते पावसाचा मार झेलतात, वरचा थर बसू देत नाहीत आणि मातीतली ओल उडू देत नाहीत. आमच्या मामांनी एका वर्षी मजूर लावून तुकडा अंगणासारखा स्वच्छ केला. पुढच्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त माती त्याच तुकड्यातून गेली.

गाळ टाकणं हा सगळ्यांचा आवडता उपाय आहे, आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना असल्याने तो हाताशीही आला. पण आधी हिशेब करा. एक एकरावर दहा सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे ४०० घनमीटर. ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तर १३० च्या वर ट्रॉल्या. त्यातून मिळणारा साठा १५ मिलिमीटर, म्हणजे फार तर तीन-चार दिवस. म्हणून दोन-पाच ट्रॉल्या एकरभर भुरभुरून काही होत नाही, नुसतं समाधान. त्यापेक्षा जिथे आधीच तीस-पस्तीस सेंटिमीटर माती आहे आणि तळ पाणी पितो, अशा छोट्या तुकड्यात जाड थर द्या, बांध-चर आधी करून घेतल्यावर. बांध नसलेल्या उतारावर टाकलेला गाळ दोन पावसाळ्यांत पुन्हा त्याच धरणात जातो, आणि मग पुढच्या वर्षी आपणच तो पुन्हा आणायला जातो. तळ बंद असेल तर चिकण गाळ टाकूच नका, दलदल वाढेल.

बांध त्याच जागी का फुटतो, हे कोडं मला सगळ्यात उशिरा सुटलं. बांध आपण घालतो शुद्ध काळ्या मातीचा, आणि तोही वरच्या अंगाची माती ओढून. म्हणजे आधीच पातळ असलेली माती अजून पातळ केली. वर ती काळी माती उन्हाळ्यात तडकते, बांधालाही भेगा पडतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी बांधावरून जात नाही, भेगेतून आत शिरतं, बोगदा करतं आणि बांध पोटातून जातो. म्हणून वरून उंची वाढवून काही उपयोग नाही. बांधाला खालच्या अंगाचा मुरूम मिसळा, आखाजीनंतर भेगा फोडून ठोकून घ्या, मारवेलाची ठोंबं लावा आणि पाण्याला दगडी सांडवा द्या. सांडवा नसेल तर पाणी आपला सांडवा आपण करतं. चिकणमातीच्या वावरात बांध अगदी समतलही घालू नये, पाणी मागे तुंबून पीक सडतं. शंभर मीटरला वीस-तीस सेंटिमीटर ढाळ दिला की जादा पाणी सावकाश बाहेर निघतं.

आणि आता तो गेरू. आमच्या मधल्या पट्ट्यात झडीनंतर जी दलदल व्हायची ती अख्ख्या तुकड्यात नव्हे, एका आडव्या ओळीत व्हायची. मधल्या खड्ड्यात चाळीस सेंटिमीटरवर गेरू लागला तेव्हा कळलं. वरच्या टेकडीत मुरलेलं पाणी खडकातून उतरत येतं, गेरूवर अडतं आणि जिथे तो थर उताराला उघडा पडतो तिथे पाझर फुटतो. म्हणजे ती दलदल आमच्या वावरात पडलेल्या पावसाची नव्हतीच. त्या ओळीच्या पाच-सहा हात वर किंचित ढाळाचा आडवा चर खोदला, गेरूला टेकेपर्यंत, आणि त्याचं तोंड कडेच्या खड्ड्यात सोडलं. पहिल्याच पावसाळ्यात पट्टा कोरडा झाला, आणि खड्ड्यात दिवाळीपर्यंत गुरांपुरतं पाणी राहिलं. सहा वर्षं ज्याला शिव्या दिल्या तोच आमचा झरा निघाला.

तुमच्याकडे असा पाझर एका बाजूला असेल आणि मधोमध काळ्या दगडाची सरळ भिंत किंवा ओळ जात असेल, तर ती डाईक असण्याची शक्यता मोठी. धुळे-नंदुरबार पट्टा अशा डाईकनी भरलेला आहे. बहुतेक पूर्व-पश्चिम जातात, काही मैलोन् मैल. ही भिंत जमिनीखाली पाणी अडवते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला ओल आणि खालच्या अंगाला कोरडं. विहीर-बोअरची जागा ठरवताना ती कुठल्या अंगाला आहे ते बघा. माझा बोअर अर्थातच खालच्या अंगाला.

बरेच जण विचारतात, शिरपूरसारखं नाला खोलीकरण केलं तर? भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या कामातून तिथे पाणी वाढलं हे खरं, पण तापीच्या बाजूला गाळाचे जाड थर आहेत, आपल्याकडे वीतभर मातीखाली कातळ. त्यांनीही खडक बघूनच काम केलं होतं. भूगर्भ न बघता पोकलेन लावला आणि गेरू फोडून खाली गेला, तर वरचा झरा खाली निघून जायचा. एकदा गेलेला झरा परत येत नाही.

संरक्षित पाणी द्यायला सोय असेल तर एक चूक टाळा. खोल जमिनीला भरतात तसं सरी भरून पाणी देऊ नका. वाटीत मावतं २०-२५ मिलिमीटर, म्हणजे एकरी एक लाख लिटरच्या आसपास. त्याच्यावर दिलेलं सगळं खाली जातं किंवा मुळं कुजवतं. तुषारने थोडं-थोडं, पण लवकर: दुपारी पहिली मान खाली गेली की दुसऱ्या दिवशी. बाराव्या दिवसाची वाट पाहिली तर फुलं-पात्या गळून झालेल्या असतात, मग पाणी दिलं तरी झाड हिरवं होतं, बोंडं परत येत नाहीत. शेततळं करणार असाल तर अस्तर लागणारच. आपल्या मुरमात नुसत्या चिकणमातीच्या लिंपणावर भरवसा ठेवू नका, तेही तडकतं. युरियाचंही तसंच. एकदम टाकलेला निम्मा तरी चुनखडीच्या रानात उडून किंवा वाहून जातो. तीन हप्ते करा, आणि मातीआड करा.

पेरणीच्या घाईबद्दल शेवटचं. पहिल्या वीस मिलिमीटरवर पेरलं तर उगवण छान होते आणि पाच दिवसांत करपते, ते तुम्हीही पाहिलं असेल. पेरायच्या आधी सकाळी पहार घेऊन मुरमापर्यंत टोचून बघा. टोकाला ओली माती चिकटून आली तर पेरा. कोरडी धूळ आली तर अजून एक पाऊस थांबा. यंदा आमच्या आळीत सगळ्यांनी पेरलं तेव्हा माझी पहार कोरडी आली होती. नऊ दिवस थांबलो, चौकात चेष्टा ऐकून घेतली. मूग एकदाच पेरावा लागला. तो ज्या दिवशी घरात आला, त्याच दिवशी आबा पेला घेऊन आले, त्यांच्या वावरातलं ढेकूळ पाण्यात सोडून बघायला.